शांतलिंगअण्णांचा पालथा हात

मुरुम गावच्या बाजारपेठेत शांतलिंगअण्णांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी वीस वर्षं अण्णांनी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून दिल्या. मोटारी गेल्या, सवयी राहिल्या. मशीन कसलंही असो, अण्णा आधी त्याला पालथा हात लावतात, तापाच्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा, आणि डोळे मिटतात. गिऱ्हाइकाला वाटतं मंत्र चाललाय. मी रोज तिथं फुकट चहा पितो, त्यामुळे मला ठाऊक आहे, ते नुसता ताप बघतात.

पाटीवर नावाखाली लिहिलंय, 'एकदाच आणा'. कुणाच्या घरी जाऊन ते दुरुस्ती करत नाहीत. "पेशंटनं डॉक्टरकडं यावं," म्हणतात. खरं तर खुर्चीतून उठणं त्यांच्या जिवावर येतं.

मार्चमधल्या एका मंगळवारी श्रीदेवी कॉम्प्युटर घेऊन आली. बावीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली, ऑनलाइन गेममधल्या पाच मुलींच्या संघात खेळणारी. बाकीच्या चौघी पुण्या-नागपूरच्या.

"अण्णा, दहा मिनिटं नीट चालतो, मग गेम अडकतो. मी गोळी झाडेपर्यंत समोरची मला मारून जाती. रविवारी चारला सामना हाय. आता अडकले तर माझ्या जागी दुसरीला घेणारेत."

अण्णांनी हात लावला. "तापतोय."

आतल्या पंख्यातून तिच्या घराशेजारच्या डाळमिलची धूळ इतकी निघाली, की एका जेवणाचं वरण झालं असतं. प्रोसेसरवरची, उष्णता बाहेर काढणारी पेस्ट वाळली होती, ती पुसून त्यांनी नवी लावली.

"प्रोसेसर शहाणा असतो बाळ. लई तापला की जीव वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. तुला वाटतं गेम अडकला. ह्यो सावलीला बसलेला असतो."

दुकानात दोन तास गेम झकास चालला. अण्णांनीही बंदूक चालवून बघितली, आपल्याच संघातल्या मुलीला मारलं, आणि काम झालं म्हणून सांगितलं.

गुरुवारी श्रीदेवी पुन्हा हजर. घरी तेच. मी पाटीकडं बघितलं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही चहा प्या," ते म्हणाले.

पुन्हा उघडला, पुन्हा तपासला, दुकानात तीन तास न अडकता चालला. शुक्रवारी घरी पुन्हा बसला सावलीला.

शनिवारी ती रिकाम्या हातानं आली. "राहू द्या अण्णा. दुसरी बघा म्हणून मी कळवते त्यांना."

अण्णा खुर्चीतून उठले. दुपारच्या वेळी ते उठलेले मी पहिल्यांदाच बघितले.

"दुकानात बरा, घरात आजारी. म्हंजी रोग घरात हाय. चल."

तमाशा बघायला मीही निघालो.

श्रीदेवीच्या आईचं, रुद्रम्मांचं, शिवणकाम गावात नावाजलेलं. त्यांच्या घरात एक वस्तू उघडी नाही. मिक्सरला झबलं, टीव्हीला पडदा, सिलिंडरला परकर. आणि कॉम्प्युटरला जाड खणाचं, आतून अस्तर लावलेलं, मागं नाड्या बांधलेलं कव्हर. पुढं बटणापुरतं भोक. कॉम्प्युटर चालू, कव्हर अंगात. दुकानात आणताना ते निघायचं, घरी गेलं की रुद्रम्मा लगेच चढवायच्या. जन्मापासून हेच बघत आलेल्या पोरीला ते दिसतच नव्हतं.

अण्णांनी कव्हराखाली पालथा हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"अक्का, शिवण लई नामी हाय."

"आठ दिस लागले, अण्णा. मिलची धूळ जाती ना आत."

"पोळ्याला बैलावर झूल घालता न्हवं?"

"घालतो की."

"मग झूल अंगावर ठेवून नांगराला जुंपता का?"

रुद्रम्मांनी कॉम्प्युटरकडं बघितलं, मग भराभरा नाड्या सोडल्या. "उकडलं की वो लेकरू." आणि लेकीकडं वळल्या. "तू बी.एस्सी. ना गं?"

श्रीदेवीनं कॅलेंडरकडं तोंड फिरवलं.

रविवारी तिचा संघ हरला. पण ती शेवटपर्यंत एकदाही अडकली नाही, आणि तिची जागा राहिली. रुद्रम्मा सामनाभर घडी केलेलं कव्हर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कॉम्प्युटर बंद झाल्यावर त्या उठल्या आणि त्याला पालथा हात लावला.

"अजून कोमट हाय," म्हणाल्या, आणि पुन्हा बसल्या.