गाफच्या रानात पप्पा हरवले तेव्हा

कॅम्पिंगला जायचं ठरलं तेव्हा मला पहिली काळजी पडली ती संडासाची. माझ्या नाही, पप्पांच्या.

अजमानला राहणारे एक भाई आमच्या घरोब्यातले. मूळचे रत्नागिरीकडचे, माझ्या नवऱ्याच्याच ऑफिसात लॉजिस्टिक्स बघतात. थंडी पडली की वीकेंडला त्यांची मोठी गाडी वाळवंटात निघते. गालिचे अंथरलेल्या, बुफे मांडलेल्या भाड्याच्या कॅम्पवर ते पाऊल ठेवत नाहीत. त्यांना मोकळं रान लागतं. नळ नाही, लाइट नाही, आजूबाजूला दुसरा तंबू नाही. पाणी आपलं, लाकडं आपली आणि निघताना कचराही आपला आपण उचलून आणायचा. संडासासाठी एक फावडं. त्या फावड्याला भाईंची बायको, म्हणजे आमच्या भाभी, "आमचं बाथरूम" म्हणतात.

त्या हिवाळ्यात पप्पा आमच्याकडे दुबईत, अल कुसैसला होते. आई जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. वसईला भाऊ आणि वहिनी दोघंही नोकरीवर, पप्पा दिवसभर घरात एकटे. भावाचा फोन आला, "पप्पा विसरायला लागलेत गं. कुकर लावतात आणि तो शिट्ट्या मारून मारून करपतो. मी बेल वाजवून दमतो तरी दार उघडत नाहीत. सांगावं एक आणि करतात भलतंच. थोडे दिवस तुझ्याकडे ने, तिकडच्या एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखव."

मी त्यांना घेऊन आले आणि भाऊ म्हणत होता त्यातलं अक्षरन् अक्षर खरं निघालं. संध्याकाळी चर्चमध्ये मिस्साला जायचंय म्हणून सकाळी सांगावं, ते "हो हो" म्हणायचे आणि संध्याकाळी आम्ही तयार होऊन बाहेर आलो की हे लेंगा घालून टीव्हीसमोर. "पप्पा, भाजी कुठली करू?" विचारलं तर "येईल ना तो, शुक्रवारी येईल" असं काहीतरी उत्तर. माझी मुलगी आधी त्यांच्याशी खूप बोलायची, अर्धं इंग्रजीत, अर्धं तिच्या मोडक्या मराठीत. ते नुसते हसायचे. हळूहळू तिने बोलणं सोडलं. "ममा, ही डझन्ट रिमेंबर एनीथिंग," ती एकदा म्हणाली आणि मी तिच्यावर उगाचच ओरडले.

मेंदूच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली होती. तोवर मी ऑफिसात लंच टाइमला मोबाइलवर त्या आजाराबद्दल वाचत बसायचे. असे पेशंट घरातून उठून कुठेही चालू लागतात, हे वाचल्यापासून मी रात्री फ्लॅटच्या दाराची किल्ली उशीखाली घेऊन झोपत होते.

म्हणून भाईंनी कॅम्पिंगचं काढलं तेव्हा मी नाहीच म्हणाले होते. पण भाई ऐकतात थोडेच! "काकांना चार भिंतीत कोंडून काय करताय? रानात आणा त्यांना. सोबत आम्ही आहोत ना. यल्ला, चला, सामान भरा."

फलज अल मुअल्लाच्या पुढे डांबरी रस्ता सोडून बरंच आत गेलं की गाफच्या झाडांचं विरळ रान लागतं. रान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतं तसलं दाट काही नाही. लालसर वाळू आणि तिच्यात एकमेकांपासून अंतर राखून उभी असलेली झाडं, फांद्या पार जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या. आपल्याकडची शमी ती हीच, असं भाईंनी सांगितलं. आणि लगेच माझ्या मुलीला दम भरला, की याची वाळकी काटकीसुद्धा तोडायची नाही, ही झाडं इथे सरकारने जपलेली आहेत. जाळायला लाकडाची पोती त्यांनी येतानाच घेतली होती. शेकोटीही वाळूवर नाही, पाय असलेल्या लोखंडी ट्रेमध्ये.

आम्ही तंबू ठोकत होतो तेवढ्यात पप्पा एका झाडापाशी जाऊन उभे राहिले. खोडावरून हात फिरवला, वर बघितलं. मग पायातल्या चपला काढून वाळूत अनवाणी चालायला लागले. मी नवऱ्याला म्हटलं, "लक्ष ठेव हं." तो म्हणाला, "चालू दे गं. इतके दिवस फ्लोअर टाइल्सवर चाललेत."

संध्याकाळी शेकोटीभोवती बसलो तेव्हा भाईंनी आपली खुर्ची पप्पांच्या खुर्चीला खेटून ठेवली. भाईंचा आवाज मुळातच मोठा. ऑफिसात ते फोनवर बोलायला लागले की लोक हेडफोन लावतात, असं नवरा सांगतो. त्यांनी पप्पांच्या तोंडासमोर वाकून विचारलं, "काका, कामाला कुठे होतात तुम्ही?"

आणि पप्पा बोलायला लागले. वसईच्या कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेसवर ते आयुष्यभर होते. ती प्रेस खाली यायची तेव्हा पायाखालची जमीन कशी हलायची, नवीन आलेले कामगार पहिल्या दिवशी कसे दचकायचे, संपाच्या दिवसांत त्यांनी आणि आईने घरी केक करून नाक्यावर कसे विकले, सगळं अगदी ओळीने. भाभींनी मासे भाजायला लावले होते, त्याचं मीठ बरोबर आहे की नाही यावरही त्यांनी मत दिलं. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने भुवया उंचावल्या. इतक्या महिन्यांत पप्पांना सलग एवढं बोलताना आम्ही ऐकलं नव्हतं.

मला बरं वाटलं, पण अजून धीर होत नव्हता. मी वाचलं होतं ना, की जुनं सगळं लख्ख आठवतं आणि कालचं आठवत नाही. झोपताना मी आमच्या तंबूत, त्यांच्या तंबूच्या बाजूलाच माझी गादी टाकली.

सकाळी माझ्या मुलीने मला हलवलं. "ममा, आजोबा इज नॉट इन हिज टेंट."

मी बाहेर आले तर समोर काहीच नाही. हिवाळ्यात इथे वाळवंटात कधीकधी असं धुकं पडतं की स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसू नये. तंबू भिजून ओघळत होते. शेकोटीची जागा दिसत होती, त्यापलीकडे पांढरं. पप्पांच्या तंबूची चेन अर्धी उघडी, पांघरूण नीट घडी केलेलं, चपला नाहीत.

"पप्पा!" मी हाक मारली. मग ओरडले. मग आम्ही सगळेच ओरडलो.

काहीच उत्तर आलं नाही.

ती वेळ मला अजून नीट सांगता येत नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की मी जे वाचलं ते खरं झालं, आणि झालं तेही अशा जागी, जिथे ना रस्ता, ना माणूस.

भाईंनी मला दंडाला धरून उभं केलं. "ऐका. या धुक्यात गाडी हलवायची नाही, काका कुठे बसले असतील तर दिसणार नाहीत. तुमचे मिस्टर गाडीचा हॉर्न वाजवत राहतील. तो ऐकून काका येतील. आपण शोधायला जायचं, पण हॉर्न ऐकू येईल तेवढंच लांब. आवाज बारीक झाला की मागे फिरायचं. ऊन आलं की हे धुकं उठेलच. तोवर नाही सापडले तर पोलिसांना फोन लावू. सापडतील इन्शाल्ला."

नवरा हॉर्नवर बसला. भाभींनी माझ्या मुलीला कुशीत घेतलं. भाई एका बाजूला गेले आणि मी दुसऱ्या, कारण त्या बाजूला वाळूत चपलांचे ठसे दिसत होते. दवाने वाळू दबलेली होती, ठसे चांगले उमटलेले. थोडं पुढे उंटांच्या पावलांत ते मिसळले, मग पुन्हा सुटे झाले, मग खडीची कडक जमीन लागली आणि संपले. मी तिथे उभी राहिले. मागून हॉर्न येत होता, लांब, थांबून, पुन्हा लांब. चांगला मोठा येत होता. मी आणखी पुढे गेले. एक झाड लागलं, त्याच्या फांद्यांतून पाणी टपकत होतं. मग दुसरं. तिसऱ्याच्या बुंध्याला टेकून कोणीतरी बसलं होतं. माझ्याकडे पाठ, डोक्याला मफलर.

"पप्पा!"

मान वळली नाही.

मी अजून जवळ गेले. "पप्पा!" हाकेच्या अंतरावर काय, हात लांब केला तर लागतील इतक्यावर होते. खांदा हलला नाही, डोकं हललं नाही. पुढे जाऊन बघायचं धाडस होईना. मग काय झालं कोण जाणे, मी एकदम हात पुढे करून त्यांचा खांदा धरला.

पप्पा असे दचकले की हातातली रोझरीची माळ खाली पडली.

"अगं बाय! केवढ्याने घाबरवलंस!" मग मला नीट बघून म्हणाले, "उठलात होय? चहा झाला का?"

मी वाळूत बसले आणि रडायला लागले. त्यांना काही कळेना. मफलरच्या टोकाने माझं तोंड पुसायला लागले, मी लहान असताना पुसायचे तसं.

"इथे काय करताय तुम्ही?"

ते जरा लाजले. "सकाळी जायला नको? तिथे तंबूजवळ पोरगी, ती भाईची बायको, सगळ्या झोपलेल्या. म्हणून लांब आलो. उठून बघतो तर हे धुकं. तंबू कुठे ते दिसेना, झाडं सगळी सारखी. म्हटलं आता हलायचं नाही. हलतो तोच चुकतो. धुकं जाईपर्यंत रोझरी म्हणू."

यात विसरण्यासारखं काय होतं? कुठला माणूस याहून शहाणपणाने वागला असता? मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"पण आम्ही इतक्या हाका मारल्या, पप्पा. ओरडून घसे बसले सगळ्यांचे."

"कुठे? मला नाही कोणी आवाज दिला," ते म्हणाले. "दिला असता तर आलो नसतो का?"

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. लांबलचक. नवरा बहुधा दोन्ही हातांनी दाबत होता.

मी पप्पांचा चेहरा बघितला. त्यावर काहीच उमटलं नाही. ते खाली वाकून माळेवरची वाळू झटकत होते.

"पप्पा," मी त्यांच्या समोर आले, तोंडाकडे बघून मोठ्याने विचारलं, "हॉर्न ऐकू येतोय तुम्हाला?"

"कुठला हॉर्न?"

हॉर्न वाजतच होता.

मला आधी हसू आलं. खरंच सांगते, त्या धुक्यात मी हसत सुटले आणि पप्पाही माझ्याकडे बघून हसायला लागले, कशाला ते न कळता. कुकरची शिट्टी. दाराची बेल. किचनमधून पाठमोरी उभी राहून मी विचारलेली भाजी. एसीची घरघर, त्यात टीव्ही, त्यात माझ्या मुलीचं भरभर इंग्रजी. ते काही विसरलेच नव्हते. त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं, आणि प्रत्येक वेळी "काय?" विचारायला त्यांना लाज वाटत होती म्हणून ते "हो हो" म्हणत होते. आईच्या हयातीत हे कोणाला कळलं नाही, कारण आलेल्या माणसाचं प्रत्येक वाक्य आई त्यांच्या कानाशी पुन्हा एकदा ठासून सांगायची. आम्ही भावंडं तिला चिडवायचो, की तुला दुसऱ्याचं बोलणं संपवू देववत नाही.

त्यांचा हात धरून मी हॉर्नच्या दिशेने निघाले. तंबू दिसायच्या आधी भाभींचा आवाज आला, मग माझी मुलगी धावत येऊन आजोबांना बिलगली. नवरा गाडीतून उतरला आणि मफलरसकट त्यांना मिठी मारली. तो अशा मिठ्या मारणारा माणूस नाही. भाईंना हाका मारून परत बोलावलं. ते आले, पप्पांकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "खलास! आता पहिल्यांदा चहा."

चहा पितापिता मी सगळ्यांना सांगितलं. कोणाचा विश्वास बसेना. मग भाई पप्पांच्या मागे उभे राहून आपल्या त्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काका, बिस्किट घ्या." पप्पा शांतपणे चहा पीत राहिले. समोर येऊन म्हणाले तेव्हा त्यांनी दोन उचलली.

त्या आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो, पण त्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. एका कानात मळाचा खडा होता, तो काढला. बाकीचं नुकसान जुनं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "मशीनवर काम केलंय का कधी?" आणि पप्पा अभिमानाने प्रेसबद्दल सांगायला लागले. दोन्ही कानांना मशीन बसवली. मेंदूच्या डॉक्टरांनी दार लावून, समोर बसून, सावकाश प्रश्न विचारले. पप्पांनी सगळ्यांची उत्तरं दिली आणि वर डॉक्टरांचं गाव विचारलं. विसरण्याचा आजार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या खोलीबाहेर येऊन मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "म्हणजे पप्पा आहेत तसेच आहेत."

मशीन लावल्यावरचे पहिले काही दिवस त्यांना फार कटकटीचे गेले. फ्रिज वाजतो, लिफ्ट वाजते, वरच्या मजल्यावरचं पोर चेंडू आपटतं, सगळ्या तक्रारी. मी रोज ऑफिसातून आले की ती नवी तक्रार ऐकायची आणि प्रत्येक तक्रारीने मला बरं वाटायचं. माझी मुलगी त्यांना इंग्रजी शिकवू लागली आणि ते तिला केक. उन्हाळा सुरू व्हायच्या आत पप्पा वसईला परत गेले, स्वतःच्या हट्टाने. "माझं घर आहे तिकडे," म्हणाले. आता रविवारी मिस्सा झाला की त्यांचा फोन येतो. फादर सर्मनमध्ये काय बोलले ते सगळं सांगतात, आणि कुठे पटलं नाही तेही.