सरांच्या कॅसेटवरची माझी बोंब

सरांच्या शोकसभेला म्हणून मी शेजारच्या हॉलमधल्या हळदीत जाऊन बसलो. कुणीतरी गालाला हळद फासली तेव्हा कळलं! पण त्या वासाने शेलार गावातली आमच्या लग्नाची हळद आठवली.

आगरी लग्नगीतांचे अभ्यासक असलेले सर म्हाताऱ्या धवलारणीची गाणी टेप करायला आले होते. शेजारच्या पॉवरलूमच्या खडखडाटात तिचा आवाज बुडत होता. सरांनी लूमवाल्या चाचांना हात जोडले.

"अम्मा गा रही है, बंद करो रे!" चाचा कारागिरांवर ओरडले.

लूम थांबले. धवलारणीने सूर लावला. लूम थांबले म्हणून मला वाटलं, लाइट गेली. मी पाटावरून बोंबललो, "जनरेटर लावा!"

"गप रे नवरदेवा!" म्हणत सर खळखळून हसले.

शोकसभेच्या रात्री घरी आल्यावर, सरांनी तेव्हा दिलेली ती कॅसेट लावली. बायको डोळे पुसत म्हणाली, "बरा झाला बोंबललात. सगल्यांचं आवाज जपनाऱ्या सरांचा आवाज तेवराच उरलाय."