तिघांबरोबर चौथा

आमच्या नायगावच्या खोलीत रविवारी दुपारी नात कॉम्प्युटरवर गेम खेळत बसली होती. तिने असलं काही सॉफ्टवेअर लावलं होतं की एक बटण दाबलं की तिची गेममधली तिन्ही माणसं एकदम चालायची. गुहेतला राक्षस मारला तरच तिला मोठ्या टीममध्ये घेणार होते. दोनदा हरली होती.

मी म्हटलं, "कामाला तिघं निघत नाहीत. मुलगी बघायला जातानासुद्धा चौथा म्हणून खिशात दगड घेतात."

"आजी, हा गेम आहे गं!"

"मग हर."

वैतागून तिने चौथा माणूस केला आणि त्याच बटणाला जोडला. त्याच्याकडे तलवारही नव्हती. चौघं गुहेत शिरले, चौघांनी एकदम हात उगारले. राक्षसाने त्या रिकाम्या हाताच्यालाच धरलं. तो त्याला बडवून मारेपर्यंत तिघांनी मागून राक्षसाला कापलं.

"आजी, घेतलं मला!"

"त्या मेलेल्या चौथ्याचं सुतक कोणाला?"

"अगं, तो अर्ध्या मिनिटात उठतो."

"मग त्यालाही टीममध्ये घेतील?"

"त्याला कशाला? त्याला लढता कुठे येतं?"