समोरच्या बांधावरून

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या पीएच.डी.च्या सरांचा. उत्तर जुळलं की ते चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "फारच छान जुळलंय. कशावरून?"

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, भिंतीवरचं घड्याळसुद्धा मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहणारा. सर सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे. पण सारी नोकरी त्यांनी जिवंत गोष्टींच्या मागं घालवली: मुंग्यांच्या रांगा, पेशींची हालचाल, पाखरांचे थवे. हे तर जीवशास्त्राचं काम, असं विभागात कुणी म्हटलं की ते म्हणत, "मुंगीला सांगा."

मी गंगापूर तालुक्यातला, घरातला पहिला पदवीधर. ज्वारी हुरड्यात आली की आमच्या शेतावर भोरड्यांचे थवे उतरतात. वडील पिकातल्या उंच माळ्यावर उभे राहून ती पाखरं हाकलायला गोफण फिरवतात. त्याच माळ्यावरून मी दोन हंगाम थव्यांचं चित्रण केलं. थवा वळताना सुरुवात नेहमी काठावरची पाखरं करतात, असं दिसलं. त्यावर वहीत गणित मांडलं. तंतोतंत जुळलं.

सरांनी वही ठेवून घेतली. आठवडे गेले. विचारलं की "बघतोय," एवढंच. रविवारी त्यांच्या गारखेड्यातल्या घराला कुलूप. बरोबरचा एक संशोधक चहा पिता पिता म्हणाला, "भाऊ, तुझं काम गेलं समज. पेपरवर नाव कुणाचं येतंय बघ."

मला ते पटलं. माझ्याकडे वहीची झेरॉक्स होती. तिच्यावरून लेख लिहिला आणि सरांना न सांगता, एकट्याच्या नावानं परदेशी नियतकालिकाला पाठवला.

मग वडिलांचा फोन आला. "तुझे सर आज बी आल्ते. चौथा ऐतवार हाय. तुला सांगू नका म्हणले व्हते, पर आज त्यांना लई ऊन लागलं. समोरच्या बांधावर बसत्यात. भाकर खा म्हणलं तर म्हणत्यात, तुम्ही जेवा, मला तेच बघायचंय."

दुसऱ्या दिवशी सरांनी वही परत दिली. शेवटच्या पानावर त्यांचं अक्षर होतं: "वडील माळ्यावर: वळण त्यांच्याकडच्या काठापासून. वडील जेवायला खाली: कुठूनही. मधूनही."

पाखरं माझा नियम पाळत नव्हती, वडिलांच्या गोफणीला भीत होती. जन्मभर गोफणीच्या बाजूनंच थवे पाहिलेल्या मला ते दिसलं नव्हतं.

"गणितात तुमचे वडील धरायचे राहिले," सर म्हणाले. मी वही मिटून पिशवीत टाकली. लेखाबद्दल बोललो नाही.

त्या उन्हाळ्यात सर निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले. त्यांच्या खोलीत आता दुसरे प्राध्यापक बसतात. परवा मी सरांना हे पत्र टाकलं:

"आदरणीय सर, सा. न. तुम्ही माझं काम आपल्या नावावर घ्याल, असा मला संशय आला होता. म्हणून तो चुकीचा लेख मी तुमच्या माघारी पाठवला. तो स्वीकारला गेला होता. मी मागं घेतला. तुम्ही 'कशावरून?' म्हणाल, म्हणून नियतकालिकाचं उत्तर सोबत जोडलं आहे. ज्वारी हुरड्यात आली आहे. आता कॅमेरे दोन्ही बांधांवर आहेत. वडील म्हणतात, या वेळी सरांना आधी भाकर, मग पाखरं."