मचव्यातली पाचवी जागा

मुंबईहून आलेल्या चित्रकारसाहेबांचे ओले चित्र बाकावर वाळत होते आणि मी त्याच्यावर बसलो. उठलो तेव्हा दोन दिवस खपून काढलेला माथेरानचा डोंगर माझ्या धोतरावर आला होता. फळीवर नुसते आभाळ उरले होते. साहेब सज्जन माणूस. "डोंगर तुम्हाला शोभतो," एवढेच म्हणाले.

ही सत्तावीस सालच्या दिवाळीतली गोष्ट. मी कर्जतच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. माझे सर्टिफिकेट ओटीवर काचेत लावलेले. सण झाला की साहेब भाऊच्या धक्क्यावरून शिडाचा मचवा भाड्याने करून, किनाऱ्याची चित्रे काढत थेट मुरूडपर्यंत जाणार होते. चार चित्रकार ठरले होते. पाचवी जागा रिकामी होती आणि ती माझीच, असे धरून मी घरात वाटेसाठी लाडू करायला सांगितलेसुद्धा.

पाडव्याला साहेबांना भिसेगावात बैल बघायला मीच नेले. तिथे धाकलू शिंगे रंगवत बसला होता. चाळिशीचा शेतकरी, सही अंगठ्याची. पण गावातल्या कुणाच्याही बैलाची शिंगे रंगवायची तर ती यानेच, तीही फुकट. बैल मान झटकत होता, धाकलूची काडी शिंगाबरोबर फिरत होती, आणि हिंगुळाची लाल पट्टी ओळंब्याने आखावी तशी उतरत होती. माझी तर टेबल हलले तरी रेघ चुकते.

"बांधून का घालत नाहीस त्याला?" साहेबांनी विचारले.

"सनाच्या दिशी कशाला, साहेब? त्यो हालंल तसं आपुन हालायचं."

साहेब माझ्याकडे वळले. "मास्तर, मचवाही असाच हलतो. आमचा पाचवा सापडला!"

मी हसलो. त्या हसण्याने माझा जबडा दोन दिवस दुखत होता.

संध्याकाळी त्याचे घर गाठले. "धाकलू, समुद्र पाहिलायस का रे कधी? आतडी बाहेर येतात. मासे माणसाएवढे असतात."

"मंग बरंच की! आपल्या नदीला बोटभर गावतात."

त्याची बायको धोंडूबाई चुलीपासून म्हणाली, "मास्तर, तुमीच का नाय जात मंग?"

"मला शाळा आहे," मी म्हणालो. शाळेला सुट्टी होती, हे तिलाही ठाऊक होते.

भाऊबीज उरकून धाकलू साहेबांबरोबर गेला. पुढचे आठ दिवस मी रोज लाडू खात, धाकलू मचव्याच्या कडेवर ओणवा होऊन ओकतो आहे, असे डोळ्यांपुढे आणत होतो. त्यातल्या त्यात तेवढेच सुख.

तो परतला तो काळाकुळकुळीत, खूश, आणि काखेत स्वतः रंगवलेली एक फळी घेऊन. फळीवर मुरूडचा किल्ला आणि भोवती असे उसळते पाणी, की बघताना मीच खांब धरला. मी तासभर चूक शोधली.

"किल्ला कललाय."

"कलायचाच त्यो, मास्तर. मचवा उचलला का किल्ला आडवा व्हायचा."

पुढल्या साली साहेब रत्नागिरीपर्यंत जाणार, हेही त्यानेच सांगितले. मग मात्र सर्टिफिकेट, पगार, पगडी सगळे बाजूला ठेवून मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो.

"धाकलू, त्या वेळी साहेबांना माझे नाव सांगशील का रे?"

त्याने मान खाली घालून प्रामाणिकपणे विचार केला.

"नाय मास्तर, मीच जानार हाय."