कशावरनं-मामा

हैबतमामाला आमच्या रिहे गावात त्याच्या नावानं फारसं कुणी ओळखत नसे. पाठीमागं सगळे त्याला 'कशावरनं' म्हणायचे. "मामा, गाय आटली." "कशावरनं?" "मामा, सोयरीक जमली." "कशावरनं?" अरे बाबा, पाव्हणे जेवून गेले की! सगुणामामीला तर वीट आला होता. "माजी भाकर करपली तरी इचारत्यात, कशावरनं!"

पण भात निघालं, खाचरं मोकळी झाली की खोऱ्यातल्या गावांचे हुतुतूचे साखळी सामने लागत. तेव्हा आमच्याविरुद्ध खेळणारे पिरंगुट गावचे लोकसुद्धा म्हणत, पंच हैबतरावच पायजे. स्वतःच्या गावाची बाजू घ्यायला त्याची जीभच रेटत नसे. आम्हा रिहेकरांना याचा किती संताप यायचा, काय सांगू!

एकोणसाठ सालची गोष्ट असेल. आमच्याकडून वरच्या धनगरवाड्यातला म्हसू खेळत होता. उंच, अबोल गडी. पिरंगुटवर चढाई करताना त्याचं 'हुतुतू हुतुतू' मध्येच थांबलं आणि थेट मामाच्या तोंडावर तो ओरडला, "हाऽड!"

सामना थांबला. कुत्र्याला हाकलतात तसं पंचाला हाकललं! पिरंगुटच्या संघाचा म्होरक्या जयसिंग तापला. "लई माज आलाय! तीन हंगाम खेळू देऊ नका त्याला." पंचाचा अपमान केला तर नियमच होता तसा. म्हसूचं तोंड उतरलं. एरवी गावात त्याला कोण विचारत होतं? या खेळामुळं लोक त्याला नावानं हाक मारत, आणि आता तेवढंही जाणार होतं.

"मी शेरडाला हाकारलं," तो म्हणाला. "पंचाच्या मागं, पावट्याच्या वावरात शिरत हुतं."

बांधावरून त्याची आई बयाबाई ओरडली, "आमच्यात असंच हाकारत्यात. हर्राड!"

"आई लेकाचंच वढनार," जयसिंग म्हणाला. "हैबतराव, तुमी सोता ऐकलं न्हवं?"

मामानं कान खाजवला. "मला 'हाड' ऐकू आलं. पर तो त्येच म्हनला, कशावरनं?"

आता बोला! ज्याचा अपमान झाला तोच आपल्या कानावर शंका घेतोय. जयसिंगनं कपाळाला हात लावला.

मामानं शेरडं पावट्यात सोडायला लावली. "जयसिंग, तू हाड म्हन." जयसिंग घसा फाटेस्तोवर ओरडला. शेरडांनी मान वर केली नाही. मग मामा स्वतः ओरडला. एका बोकडानं त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा पाला ओढला. माणसं पोट धरून हसली. मामा मात्र गंभीर. "म्हसू, आता तू. मगाशी केलंस तसंच." म्हसूनं हाक दिली. सगळी शेरडं मुकाट बांधाबाहेर आली.

"शेरडांना कळलं, मला न्हाई कळलं," मामा म्हणाला. "बंदी न्हाई. पर दम मोडला, ती चढाई बाद."

त्या चढाईनं आम्ही हरलो. मी रागानं लाल झालो होतो.

सामना संपल्यावर मामा बांधावर पाणी पीत बसला होता. म्हसू जवळ येऊन उभा राहिला. "मामा, हाक शेरडालाच दिली. पर मनातनं तुमालाबी हाड म्हनलो. त्याच्या आदी, पयल्या डावात, रेघंवर पाय पडला म्हून मला बाद दिलं, त्ये चुकीचं हुतं."

सुटलेलं लचांड हा गडी पुन्हा गळ्यात घेतोय!

मामानं तांब्या खाली ठेवला. "मनातल्याला कुनी शिक्षा देत न्हाई. पर आदीचं चुकीचं, ते कशावरनं? चल, दाव."

दोघं रिकाम्या खाचरात गेले. म्हसूनं कोपरा दाखवला. तिथली राखेची रेघ जशीच्या तशी होती, कुणाचा पायच तिच्यावर पडला नव्हता. मामा बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला.

पुढच्या सामन्याला सगळ्या गावांसमोर मामा उभा राहिला. "त्या दिशी म्हसूला आदी बाद दिला, ती माजी चूक."

"कशावरनं?" जयसिंगनं मुद्दाम विचारलं. हशा पिकला.

मामाही हसला. "म्हसूला इचारा," तो म्हणाला आणि खाली बसला.

आणि आमचा अबोल म्हसू चार गावांपुढं बोलायला उभा राहिला.