बागवान चाचांचं पक्षांतर

तालमीत बागवान चाचांनी स्टेजवरून अंगठा वर केला. आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच, आवाज वाढव. मी वाढवला.

पुन्हा अंगठा वर. पुन्हा वाढवला. आता स्टेजवरच्या पंख्याची घरघर स्पीकरमधून येऊ लागली. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली, ती सगळ्या सभागृहाला ऐकू गेली. चाचांचा आवाज तेवढा कुठेच नव्हता. आणखी एकदा अंगठा वर गेला आणि स्पीकरनी अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतल्या पाटील सरांनी दोन्ही कान झाकले.

“माईक खराब हाय ह्यो,” चाचा म्हणाले. म्हणाले म्हणजे ओठ हलले, बाकीचा मी अंदाज केला.

माईक नवा होता. लोकांना माईक म्हणजे भिंग वाटतं. बारीक काहीतरी समोर धरायचं, ते मोठं होऊन बाहेर येणार. माईक हा कान आहे. त्याला जास्त ऐकायला लावलं की तो पंखाही ऐकतो, खुर्चीही ऐकतो, आणि शेवटी स्पीकरमधून आलेला स्वतःचाच आवाज पुन्हा ऐकून किंचाळतो. त्या किंचाळण्याला फीडबॅक म्हणतात. त्याचं खापर नेहमी माझ्यावर फुटतं.

मी साउंड इंजिनिअर आहे. मूळची कोरेगावची, कामं साताऱ्यापासून सांगलीपर्यंत. कार्यक्रमाच्या जागी पोचले की पहिला प्रश्न येतो, “साउंडवाला कुठाय?” मी म्हणते, “तोच बोलतोय, सांगा.”

सध्या माझी बरीचशी कामं कराओके क्लबची असतात. निवृत्त माणसं जमतात, मोबाईलवरून ट्रॅक लावतात, म्हणजे गायक वगळून बाकी सगळं वाजणारं गाणं, आणि त्यावर जुन्या गायकांची गाणी म्हणतात. सांगलीच्या या क्लबात दोन पक्ष आहेत. एका पक्षाचं दैवत मऊ गळ्याचा गायक, त्याला सगळे ‘मखमल’ म्हणतात. दुसऱ्याचं दैवत खड्या आवाजाचा, तो ‘पहाड’. खरी नावं मी लिहीत नाही. लिहिली तर निम्मे वाचक इथूनच उठून जातील आणि उरलेले त्यांच्याशी भांडायला जातील.

क्लबचा एक अलिखित नियम आहे. मखमलवाल्याने पहाडाचं गाणं घ्यायचं नाही आणि पहाडवाल्याने मखमलीचं. घेतलं तर त्याला पक्षांतर म्हणतात आणि पुढे कित्येक महिने चहाच्या वेळी ऐकवतात.

मखमल पक्षाचे नेते पाटील सर, निवृत्त मुख्याध्यापक आणि क्लबचे अध्यक्ष. “गाणं म्हणजे मनाशी बोलणं असतं, मॅडम. काही लोक त्याला सायरन समजतात.” हे ते चाचांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतात.

पहाड पक्षाचे नेते बागवान चाचा. आष्ट्याचे फळांचे व्यापारी. लिलावात त्यांनी भाव पुकारला की बाजाराच्या फाटकाबाहेरचा माणूस थांबायचा. दरवर्षी कार्यक्रमाचं शेवटचं गाणं त्यांचं. शेवटच्या अंतऱ्याला ते माईक सावकाश स्टेजवर ठेवून द्यायचे आणि उरलेलं गाणं नुसत्या छातीवर म्हणायचे. टाळ्या तिथेच सुरू व्हायच्या. सरांकडे बघून म्हणायचे, “आवं सर, तुमच्या मानसाला जमतंय का ह्ये? वीज गेली की तुमचा गायक बी गेला.”

माझं मत दोन्ही पक्षांना ठाऊक आहे आणि दोघांनाही नापसंत आहे. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील चळवळीतले. पत्रकं वाटून उरली की त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. मला वाटायचं, गाण्यात एखादी तरी मागणी हवी. मखमलीच्या गाण्यात मागणी नाही, निषेध नाही, नुसते उसासे आहेत. नायिका खिडकीत बसून राहते. ती उठून दार का उघडत नाही, हे कुणी विचारत नाही. आणि पहाडाचं म्हणाल तर तो घोषणा उत्तम देतो, पण कशासाठी, ते सांगत नाही.

तर असा हा क्लब. यंदाचा कार्यक्रम आष्ट्यात होता, चाचांच्या गावात, त्यांच्याच गिऱ्हाइकांसमोर. आणि चाचांच्या स्वरतंतूवरची गाठ नुकतीच काढली होती. डॉक्टरांनी गायला परवानगी दिली होती. फक्त ओरडायचं नाही, ताण द्यायचा नाही.

हे चाचांनी मला आधी सांगितलं नव्हतं. ते मला तालमीत कळलं, शिट्टीनंतर.

चाचा स्टेजवरून उतरून माझ्या कन्सोलपाशी, म्हणजे आवाजाची सगळी बटणं असतात त्या टेबलापाशी, आले. जवळ आल्यावर आवाज ऐकू आला. घोगरा, सपाट. गाठीचं त्यांनी एका वाक्यात उरकलं.

“पोरी, गेल्या सालचं माझं गाणं तुज्याकडं हाय न्हवं?”

“आहे.”

“त्यातला माझा आवाज तेवढा काढता येतोय?”

“येतो. वेगळाच रेकॉर्ड केला होता.”

“मग उद्या त्यो लाव. मी व्हट हलवतो.”

मागून सर आले. मला वाटलं आता जुंपणार. सर म्हणाले, “चांगली कल्पना आहे. कुणाला कळणार नाही.” दोन्ही पक्षांचं कुठल्याही विषयावर झालेलं हे माझ्या माहितीतलं पहिलं एकमत. ते मी मोडलं.

“जमणार नाही,” मी म्हणाले.

“का? त्यो माझाच आवाज हाय की! चोरीचा हाय का?”

“गेल्या वर्षीच्या चाचांचा आहे. उद्या लोक यंदाच्या चाचांना ऐकायला येणार आहेत. पत्रकाखाली ज्याचं नाव, म्हणणं त्याचंच पाहिजे.”

“कसलं पत्रक?”

“कुठलंही.”

“मॅडम, तुम्ही साउंड बघा, तत्त्वज्ञान नको,” सर म्हणाले.

“हे साउंडच आहे, सर. माझ्या कन्सोलवरून खोटा आवाज बाहेर जाणार नाही. दुसरा माणूस बोलवा.”

दुसरा माणूस रातोरात मिळणार नव्हता. चाचांनी टोपी सारखी केली. “मग न्हाई गात,” म्हणाले आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसले. निघून मात्र गेले नाहीत.

सर माझ्याजवळ वाकले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. “अहो, लिलाव आता त्याचा मुलगा पुकारतो. हा फळांच्या पेटीवर बसून असतो. घरात कुणाला हाक मारायची तर टाळी वाजवतो. उद्या गायला नाही, तर हा परत क्लबात पाऊल टाकणार नाही. ओळखतो मी त्याला.”

“मग तुमच्या पक्षाला मोकळं रान.”

“आणि मी भांडू कुणाशी?” सर खरोखर चिडले होते. “आमच्या लोकांशी? ते सगळे माझ्याशी सहमत असतात!”

मी वायरलेस माईक उचलला आणि शेवटच्या रांगेत गेले. चाचांनी मान फिरवली.

“चाचा, दुकानात नेहमीचं गिऱ्हाईक आलं की भाव ओरडून सांगता?”

“येड्यावानी काय इचारतीस? ओरडायचा त्यो सगळ्यांचा भाव. घरच्या मानसाला कानात सांगायचा.”

“कुजबुजून?”

“न्हाई गं. कुजबुजलं की त्याला वाटतंय फसवतोय. हळू, पर सरळ.”

मी माईक त्यांच्या ओठांना टेकेल इतका जवळ धरला. “मग आता याला सांगा. नेहमीचं गिऱ्हाईक आहे.”

ते तिरकस हसले. मग हळू, पण सरळ म्हणाले, “तुज्यासाठी म्हनून सांगतो, ही पेटी घिऊ नगंस. खालचा थर कच्चा हाय.”

सगळं सभागृह भरून गेलं. खोल, जड, अगदी कानाशी. चाचा दचकून स्पीकरकडे बघायला लागले.

यात जादू नाही. असा माईक ओठांजवळ आणला की आवाजातला खालचा, घुमणारा भाग आपोआप वाढतो. शिवाय आवाज जवळचा असल्याने मला मशीन फार वाढवावं लागत नाही, म्हणून पंखा आणि शिट्टी दोन्ही गप्प राहतात. माईक नव्हता तेव्हा गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला छातीच लागायची. माईक आला आणि हजार माणसांसमोर एकाच्याच कानात गाता येऊ लागलं. मखमल तिथून आली. ती माझ्याच खात्याची पैदास आहे, हे मी तोवर पाटील सरांसमोर कधी कबूल केलं नव्हतं.

“मखमलीचं एखादं येतं का?” मी विचारलं.

चाचांनी आधी सर कुठे आहेत ते पाहिलं. “सगळीच येत्यात.”

“सगळी? कशी काय?”

“सफरचंदं पुसताना तोंडात येत्यात आपसूक. पहाडाचं दुकानात म्हनता येत न्हाई गड्या, गिऱ्हाईक पळतंय.” मग घाईघाईने, “ह्ये सरास्नी सांगू नगंस.”

मला माझं उत्तर मिळालं. ही गाणी इतकी वर्षं का टिकली, यावर क्लबात मी कितीतरी भाषणं ऐकली होती. राग, शब्द, सुवर्णकाळ, आजच्या पिढीचं काय चुकतं. एवढं साधं कारण कुणी दिलं नव्हतं. पहाडाला लोक टाळ्या देतात. मखमल ते काम करता करता म्हणतात, अगदी पहाडाचे नेतेसुद्धा.

चाचा मखमलीचं एक गाणं म्हणायला तयार झाले, त्याचा ट्रॅक मी थोडा खालच्या सुरात उतरवला. प्रश्न उरला हाताचा. आयुष्यभर चाचांनी वरचा सूर आला की माईक लांब नेला होता, जोरात गाणाऱ्याला ते बरोबरच असतं. आता हात लांब गेला की आवाज गायब. तालमीत सारखं तेच होत होतं. डोक्याला लावायचा माईक दिला तर म्हणाले, “मी काय कॉल सेंटरात हाय?” शेवटी माईक स्टँडवर बसवला आणि त्यांना हात मागे बांधून उभं राहायला सांगितलं. मला वाटलं, सुटला प्रश्न.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. निम्मा बाजार आला होता. निवेदकाने मखमलीच्या गाण्याचं नाव घेतलं तेव्हा पहाड पक्षात चुळबुळ झाली. कुणीतरी ओरडलं, “चाचा, गाडी चुकली जनू!”

चाचांनी हात मागे बांधले आणि सुरुवात केली. हळू, पण सरळ. आवाजात खरखर होती. ती मी मशीनने पुसली नाही. चुळबुळ थांबली. पहिला अंतरा झाला. मी श्वास सोडला.

शेवटचा अंतरा आला आणि चाचांचे हात मागून सुटले. डोळे मिटलेलेच. त्यांनी स्टँडवरचा माईक काढला, सावकाश खाली वाकून स्टेजवर ठेवला आणि ताठ उभे राहून गायला लागले.

स्पीकरमधून नुसता ट्रॅक. चाचांचे ओठ हलत होते. पुढच्या दोन रांगा सोडल्या तर कुणाला काही ऐकू येईना. मी ट्रॅक खाली घेतला, त्याने सभागृह अजूनच रिकामं वाटायला लागलं. मी कन्सोलवर, स्टेजपासून लांब. चाचांनी डोळे उघडले. काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं. ताण देऊन आवाज काढायला त्यांनी छाती भरली. डॉक्टरांनी नको म्हटलेलं नेमकं तेच.

तेवढ्यात पाटील सर पायऱ्या चढून वर गेले. माईक उचलला आणि चाचांच्या तोंडासमोर धरला. कुणी कौतुक करायच्या आत स्पीकर किंचाळले.

सरांनी माईकची जाळी मुठीत पकडली होती. सिनेमात तसं धरतात. पण नको ते आवाज टाळायची माईकची सोय त्या जाळीच्या मागच्या बाजूला असते. ती मुठीत झाकली की शिट्टी ठरलेली. मी उभी राहिले आणि चळवळीतला गळा लावला.

“सर! जाळी सोडा! दांडा धरा, दांडा!”

निवृत्त मुख्याध्यापकावर भर सभेत असं कुणी ओरडलं नसावं. सरांनी शाळकरी पोरासारखी पकड बदलली. शिट्टी थांबली. चाचांनी भरलेला श्वास सोडून दिला आणि उरलेली ओळ सरांनी धरलेल्या माईकमध्ये, अगदी हळू, म्हटली. गाणं संपेपर्यंत सर जागचे हलले नाहीत. फक्त तोंडावर येणारं हसू दाबत होते.

टाळ्या खूप वाजल्या. मला त्यापेक्षा पहाड पक्षाचे चेहरे बघायला मजा आली. टाळी वाजवावी की सभात्याग करावा, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

चहाला सरांनी मुद्दा मांडलाच. “बागवान, हे अधिकृत पक्षांतर धरायचं. मखमलीच्या खात्यात नोंद.”

“कसली नोंद?” चाचा म्हणाले. “तुमी माझ्यासाठी माईक घिऊन हुबा हुता. मग पक्षांतर कुनी केलं?”

सर म्हणाले, ते मानवतेच्या दृष्टिकोनातून होतं. चाचा म्हणाले, मानवतेनं जाळी झाकली हुती. वाद अजून चालू आहे. चाचा दर आठवड्याला आष्ट्याहून सांगलीला येतात, क्लबात गातात आणि पहाडाच्याच बाजूने भांडतात, फक्त हळू. त्यामुळे आता सरांना त्यांचं पूर्ण ऐकून घ्यावं लागतं.

माझं मत फारसं बदललेलं नाही. मखमलीच्या निम्म्या गाण्यांत मला अजूनही झोप येते आणि ती खिडकीतली बाई अजूनही मला बघवत नाही. कामाची पद्धत मात्र बदलली. गळा कसाही असो, त्याची सोय मशीनमध्ये होते. सवयीला बटण नाही. म्हणून हल्ली तालमीला गायक गायला लागला की मी आधी त्याचे हात बघते.